दिवा उघडता आला पाहिजे : ठाणे-नवी मुंबईतल्या दिवे घडवणाऱ्या डिझायनर मंडळींना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी फार थोडे जण मला ओळखत असतील, पण तुमच्यातल्या बऱ्याच जणांचे दिवे माझ्या हाताखालून गेले आहेत. वागळे इस्टेटमध्ये माझा छोटा गाळा आहे. नव्या दिव्यांचं वायरिंग, जुन्या झुंबरांची दुरुस्ती, बंद पडलेल्या लॅम्पची तपासणी ही माझी रोजची कामं. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात, बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये किंवा ठाण्यात एखादा हॉल घेऊन तुम्ही हाताने घडवलेले दिवे आणि घरसजावटीच्या वस्तू मांडता, तेव्हा जमेल तेव्हा मी येते. हौसेनं येते. आणि लोक दिव्याकडे समोरून बघत असतात तेव्हा मी वाकून त्याच्या बुडाशी काय आहे ते बघत असते.

या पत्रात माझी एकच मागणी आहे. तुमचा दिवा उघडता आला पाहिजे. आतला बल्ब, एलईडीची पट्टी किंवा ड्रायव्हर (घरातली वीज एलईडीला चालेल अशी करून देणारी छोटी डबी) जळाला तर दिव्याच्या अंगाला धक्का न लावता तो बदलता आला पाहिजे, आणि तो कसा बदलायचा हे दिव्याबरोबर लिहून दिलेलं असलं पाहिजे.

तुमच्या कामाबद्दल मला किती आदर आहे, ते आधी सांगते. गेल्या काही वर्षांत आपल्या भागातल्या दिव्यांमध्ये जे घडलंय ते फार मोठं आहे. पूर्वी घर सजवायचं तर लोहार चाळीत जायचं आणि कॅटलॉगमधलं झुंबर घेऊन यायचं, एवढंच असायचं. आता केळीच्या खोडाच्या धाग्यापासून केलेल्या कागदाचे दिवे आहेत, विक्रमगडच्या बायकांनी विणलेल्या बांबूचे आहेत, भाजलेल्या मातीचे आहेत, पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांकडून ठोकून घेतलेल्या तांब्याचे आहेत. मठारलेल्या तांब्याचा एक भिंतीवरचा दिवा मी अशाच एका प्रदर्शनात पाहिला. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याचा खळगा वेगळ्या कोनात होता, त्यामुळे प्रत्येक खळग्यातून उजेडाचा एक वेगळा ठिपका भिंतीवर पडत होता. यंत्रावर दाबून काढलेल्या पत्र्यात सगळे खळगे सारखे येतात आणि भिंतीवर नुसती जाळी उमटते. इथे मात्र भिंत जिवंत झाली होती. हा फरक डोळ्यांना कळतो, आणि त्याचे पैसे मोजायला आता आपल्याकडची माणसं तयार आहेत. म्हणूनच मला जास्त काळजी वाटते.

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतलं जोडपं मध्यंतरी गाळ्यावर आलं. चादरीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर धरून त्यांनी एक झुलता दिवा आणला होता. कागदाच्या लगद्याच्या मोठ्या पाकळ्या, एकावर एक चढवलेल्या, कडा हाताने चिमटून पातळ केलेल्या. वरती पितळेची छोटी वाटी, तीही ठोकून घडवलेली. जेवणाच्या टेबलावर लावायला घेतलेला. तीन वर्षंही झाली नव्हती आणि एका संध्याकाळी तो लागेनासा झाला. ज्यांच्याकडून घेतला त्यांना बाईंनी फोन केला, तेव्हा उत्तर मिळालं की आतलं काही बदलता येत नाही, पण नवा घेतलात तर सवलत देऊ. बाई मला म्हणाल्या, "ताई, आम्हाला नवा नकोय. हाच लागू दे."

मी तपासायला घेतला. पाकळ्यांच्या मागच्या खाचेत एलईडीची पट्टी बसवली होती आणि ती हलू नये म्हणून तिच्यावर इपॉक्सी, म्हणजे दगडासारखा घट्ट होणारा चिकट रस, ओतलं होतं. पट्टीच्या तारांना बाहेरून बारा व्होल्ट दिले तर सगळी पट्टी स्वच्छ लागली. म्हणजे पट्टी ठणठणीत होती, गेला होता तो ड्रायव्हर. आणि ड्रायव्हर होता त्या पितळी वाटीच्या पोटात. वाटीवर झाकण रिव्हेट करून बसवलेलं, आणि आत गरम ग्लू भरलेला. बाजारात दोन-अडीचशे रुपयांना मिळणारी ती डबी बदलण्यासाठी मला एका कारागिराने हाताने ठोकलेल्या पितळेवर ग्राइंडर चालवावा लागला. रिव्हेट उडवल्या, ग्लू खरवडून काढला, आतला कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) फुगून वर आलेला दिसला. नवा ड्रायव्हर बसवला, झाकणाला या वेळी तीन स्क्रू दिले. दिवा लागला. त्यांना आनंद झाला, पण वाटीवरचा ग्राइंडरचा ओरखडा काही गेला नाही. त्या ओरखड्याची काहीच गरज नव्हती.

तो दिवा नशीबवान होता. बरेचसे गाळ्यावर येतच नाहीत. ते आधी माळ्यावर जातात आणि मग भंगारात. भंगारवाला पितळेचा भाव किलोवर देतो. ठोक्यांचा देत नाही, आणि कागदाच्या लगद्याचा तर नाहीच नाही.

हे का होतं, ते तुमच्यातल्या अनेकांना माहीत असेल. तरी लिहिते, कारण प्रदर्शनात विचारलं की "एलईडी आहे ताई, वर्षानुवर्षं काही होत नाही" असं ऐकू येतं. खोक्यावर २५,००० किंवा ५०,००० तास छापलेलं असतं. रोज पाच तास दिवा लावला तर २५,००० तास म्हणजे साडेतेरा वर्षांहून जास्त. पण तो आकडा बहुतेक वेळा एलईडीच्या कणीचा असतो, म्हणजे तिचा उजेड ७० टक्क्यांपर्यंत उतरायला लागणारा काळ. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेचं एलईडीला चालेल अशा विजेत रूपांतर करणाऱ्या ड्रायव्हरचं आयुष्य त्या आकड्यात धरलेलं नसतं. ड्रायव्हरमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये द्रव असतो. उष्णतेने तो हळूहळू सुकतो. आमच्या धंद्यात ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं. तोच ड्रायव्हर तुम्ही बंद वाटीत, ग्लूच्या गोळ्यात, वर तापणाऱ्या पट्टीला लागून ठेवलात की काय होणार हे उघड आहे.

पट्टीचंही तेच. एलईडी गरम होत नाही हा समज चुकीचा आहे. तिची उष्णता पुढे उजेडाबरोबर न जाता मागे जाते, म्हणून मागे ॲल्युमिनियमची प्रोफाइल, म्हणजे उष्णता ओढून घेणारी पन्हळ, लागते. थेट लाकडावर, मातीवर किंवा कागदावर पट्टी चिकटवली की उष्णता तिथेच साचते. आधी चिकटपट्टी सुटते, मग उजेड पिवळट किंवा निळसर होतो, मग एकेक तुकडा विझतो. वर इपॉक्सी ओतलं तर उष्णतेला उरलीसुरली वाटही बंद होते, आणि काही वर्षांत ते इपॉक्सी स्वतःच पिवळं पडतं.

पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण प्रत्येक दिव्यात होल्डर असायचा. आपल्या घरांमध्ये पिनवाला बी-२२, बाहेरून आलेल्या दिव्यांमध्ये आट्यांचा ई-२७. बल्ब गेला की घरातलं कुणीही स्टुलावर चढून बदलायचं. एलईडीची पट्टी आली, तिला कुठल्याही वळणावर बसवता यायला लागलं, तुमच्या हाताला नवे आकार मिळाले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण होल्डर गेला आणि त्याच्याबरोबर दिवा उघडायची सोयही गेली.

युरोपीय संघाने यावर नियम केला आहे. १ सप्टेंबर २०२१पासून तिथे विकल्या जाणाऱ्या दिव्यांमध्ये प्रकाशाचा स्रोत आणि ड्रायव्हर सहज मिळणाऱ्या अवजारांनी, दिव्याचं कायमचं नुकसान न करता बदलता यावा अशी अपेक्षा आहे, आणि जिथे ते शक्य नसेल तिथे तसं कारणासह सांगावं लागतं. आपल्याकडे हातमागाच्या आणि हस्तकलेच्या वस्तूंवर आधीच कागदपत्रांचं ओझं आहे, त्यात आणखी एक सक्ती यावी असं मला वाटत नाही. तुम्ही ते आपणहून करावं असं मात्र मनापासून वाटतं.

तुमच्यातल्या एकीशी मी यावर बोलले होते. ती म्हणाली, होल्डर आला की रेष तुटते. शिल्प म्हणून जो आकार मनात असतो, त्यात तो प्लॅस्टिकचा ठोकळा कुठे बसवायचा? तिचा मुद्दा मला खोटा वाटला नाही. तरी मी तिला इसामु नोगुची यांच्या दिव्यांची आठवण करून दिली. नोगुची मुळात शिल्पकार. १९५१ साली ते जपानच्या गिफू शहरात गेले आणि तिथल्या बांबूच्या काड्या आणि हातकागदाच्या कंदिलांवरून त्यांनी आपले दिवे घडवायला सुरुवात केली. हे दिवे म्हणजे शिल्पच, अशी त्यांची भूमिका होती, आणि १९८६ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात अमेरिकेच्या दालनात त्यांनी आपल्या शिल्पांबरोबर हे कागदी दिवेही मांडले. त्या दिव्यांच्या पोटात तारेचा एक साधा सांगाडा आणि साधा होल्डर असतो. कागदी अंग घडी होऊन चपटं होतं. बल्ब बदलता येतो, कागद फाटला तर अंगही बदलता येतं. गिफूत ते अजून हातानेच बनतात. रेष कुठे तुटली?

डेन्मार्कच्या पॉल हेनिंगसेन यांचा १९५८ सालचा 'पीएच ५' हा झुलता दिवा तर याच अडचणीतून आला. बल्ब बनवणाऱ्या कंपन्या बल्बचा आकार आणि माप सारखं बदलत होत्या, म्हणून त्यांनी पत्र्याच्या थरांची रचना अशी केली की आत कुठलाही बल्ब घातला तरी तो डोळ्यांत टोचणार नाही. आतली वस्तू उद्या बदलणार आहे हे गृहीत धरून त्यांनी आकार काढला. आज एलईडीच्या बाबतीत आपण नेमक्या त्याच जागी आहोत.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? आपल्या देवघरातली समई घ्या. बैठक वेगळी, खांबाचे तुकडे वेगळे, तेलाची वाटी वेगळी, वरचा मोर किंवा कळस वेगळा, आणि प्रत्येकाला आटे. सणाआधी ती सगळी सोडवायची, चिंचेनं किंवा आपल्या ठाण्यातल्याच पितांबरीनं घासायची, पुसून पुन्हा फिरवून उभी करायची. चार पिढ्यांच्या समया आजही घरोघर तेवतात, त्या घासता आणि सोडवता येतात म्हणून. लामणदिव्याची साखळीसुद्धा आकड्यावरून निघते. पितळेत आटे पाडणारा तो जुना कारागीर घडणीतही कुणापेक्षा कमी नव्हता.

आटे पाडायची सोय तर आपल्या दारात आहे. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, आणि तिच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक म्हणजे वागळे इस्टेट. इथे आता काचेच्या इमारती वाढल्या आहेत आणि बरेच छोटे गाळे बंद झाले आहेत, तरी लेथवर काम करणारे, मेटल स्पिनिंगवाले, पावडर कोटिंगवाले अजून आहेत. तुमच्या पितळी वाटीला आट्यांचं झाकण करून द्यायला लेथवाल्याला फार वेळ लागत नाही. घडणावळीच्या वेळीच सांगितलंत तर खर्चही फारसा वाढत नाही. नंतर, सगळं जोडून झाल्यावर, तेच काम अशक्य होऊन बसतं.

पट्टी हवीच असेल तर ती ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये घालून सरकवून काढता येईल अशी ठेवा, आणि सोल्डर करून पुरून टाकण्याऐवजी कनेक्टर द्या. ड्रायव्हर दिव्याच्या पोटात ठेवण्याची गरज बहुतेक वेळा नसतेच. छताच्या कपमध्ये, नाहीतर बाजूच्या छोट्या डबीत ठेवा, जिथे हवा लागेल आणि हातही पोचेल. फॉल्स सीलिंगच्या वर ड्रायव्हर टाकून देऊ नका. खाली झडप नसेल तर तो बदलायला पीओपी फोडावं लागतं. छोट्या आकारात मोठा होल्डर बसत नसेल तर जी-९चे छोटे कॅप्सूल बल्ब मिळतात, पण ते चांगल्या प्रतीचे घ्या, स्वस्तातले लुकलुकतात.

एक गोष्ट मात्र विनंती म्हणून सोडून देता येणार नाही. धातूच्या दिव्याला अर्थिंग द्याच. तांब्या-पितळेचे सुंदर दिवे दोन तारांच्या वायरवर विकायला ठेवलेले मी पाहिले आहेत. आतली तार सुटून अंगाला टेकली तर अख्ख्या दिव्यात वीज उतरते. टेबल लॅम्पला तर घरातली लहान मुलं हात लावणारच. आतली सगळी रचना बारा किंवा चोवीस व्होल्टची असेल आणि ड्रायव्हर बाहेर, चांगल्या प्रतीचा असेल तर गोष्ट वेगळी. पण २३० व्होल्ट धातूच्या आत नेत असाल तर तीन तारांची वायर आणि अर्थचा स्क्रू हवाच. वायर जिथून आत शिरते तिथे रबरी ग्रोमेट हवा, नाहीतर पत्र्याची कड वायरचं आवरण कापते. तसंच वजनाचं. दहा-बारा किलोचा दिवा जिप्समच्या छताला लटकवायला कुणी सांगितलं तर नाही म्हणा. वरच्या स्लॅबमध्ये अँकर फास्टनर मारून हुक घेतला पाहिजे, आणि दिव्याचं वजन वायरने पेलता कामा नये, ते साखळीने किंवा दोरखंडाने पेललं पाहिजे. दिव्याचं वजन तुमच्या कार्डावर लिहिलेलं असेल तर इलेक्ट्रिशियनला आधीच कळेल.

खाडीकाठच्या आपल्या हवेचाही विचार करा. ऐरोली, कोपरखैरणे, बेलापूर, इकडे कोलशेत, बाळकुम, पावसाळ्यात भिंती ओल्या असतात. कागदाच्या दिव्यावर बुरशी येते, कच्चं पितळ महिन्याभरात काळं पडतं. काळं पडणं अनेकांना आवडतं, मलाही आवडतं, पण ते घेणाऱ्याला आधी माहीत हवं. कागद कोरड्या ब्रशने झटकायचा की ओल्या फडक्याने पुसायचा, हे विकत घेणाऱ्याला कुणीच सांगत नाही. मग तो ओलं फडकं फिरवतो आणि लगदा उलतो.

हे सगळं एका कार्डावर मावतं. आज तुमच्या कार्डावर दिव्याचं नाव असतं, साहित्य असतं, त्यामागची कल्पना असते. त्याच्या मागच्या बाजूला लिहा : होल्डर कुठला, जास्तीत जास्त किती वॅटचा बल्ब, उजेड किती केल्विनचा (२७०० म्हणजे उबदार पिवळा, ६५०० म्हणजे पांढराशुभ्र, ही चूक झाली तर मातीचा दिवा फिका दिसतो), ड्रायव्हर किती व्होल्टचा आणि किती वॅटचा, तो कुठे बसवलाय, कुठले स्क्रू काढायचे, वजन किती, साफ कसं करायचं. आणि ज्याने ठोकलं, विणलं, भाजलं त्याचं नावही, त्याची हरकत नसेल तर. दहा वर्षांनी तो दिवा माझ्यासारख्या कुणाच्या हातात आला तर तिला अंदाजाने पितळ कापावं लागणार नाही.

प्रदर्शन भरवणाऱ्यांनाही या निमित्ताने एक सांगायचं आहे. दिव्यांचे स्टॉल हॉलच्या पांढऱ्या झगझगीत उजेडात ठेवू नका. तुमच्याकडे कितीही कमी जागा असली तरी एक कोपरा काळ्या कापडाने बंद करून अंधारा करा आणि तिथे दिवे लावून दाखवा. भर उजेडात तांब्याचा दिवा नुसता भांड्यासारखा दिसतो आणि त्याची किंमत लोकांना जास्त वाटते. त्याच कोपऱ्यात एक टेबल ठेवून एखादा दिवा उघडून, बल्ब काढून, पुन्हा लावून दाखवता आला तर फारच उत्तम. ग्राहक तिथे थांबून बघतील याची मला खात्री आहे, कारण गाळ्यावर येणारा प्रत्येक जण दिवा उघडताना माझ्या खांद्यावरून वाकून बघत असतो.

तुमच्यापैकी काही जण हे आधीपासून करतात. कोपरीतले एक मातीकाम करणारे तरुण आपल्या प्रत्येक दिव्याबरोबर सुटा होल्डर आणि वायरचा संच देतात, नवी मुंबईतल्या एक बाई बांबूच्या दिव्याचं अंग फाटलं तर दुसरं विणून देतात. त्यांच्याकडची गिऱ्हाइकं परत परत त्यांच्याकडेच जातात, हे मी पाहते आहे.

शेवटी एक देऊ करते. नवा नमुना इपॉक्सी ओतायच्या आधी, झाकण बंद करायच्या आधी, माझ्याकडे नाहीतर तुमच्या जवळच्या कुठल्याही जाणत्या वायरमनकडे घेऊन जा. एकदा फक्त विचारा की हा उद्या बंद पडला तर तुम्ही कसा उघडाल? माझ्याकडे आलात तर त्या तपासणीचे पैसे मी घेणार नाही. पावसाळ्यात काम कमी असतं तेव्हा या, म्हणजे दिवाळीच्या प्रदर्शनांपर्यंत लेथवाल्याकडून आट्यांची झाकणं करून घ्यायला तुमच्याकडे पुरेसा वेळ राहील.

आपली,
वागळे इस्टेटमधली एक दिवे दुरुस्त करणारी